अर्धवेळ करारी कामाचा मोबदला कोणत्या रीतीनें द्यावा ?

धरमपेठेंत घर आणि काटोल, कळमेश्वर, सावनेर किंवा उमरेडकडे शेत, अशी ज्यांची स्थिति आहे त्यांच्यापुढें शेतीचें एक निराळें कोडें उभें राहतें. पूर्वीं शेतावर सालदार असे. पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला त्याचें वर्ष ठरे, आणि बैलांच्या वैरणीपासून रात्रीच्या राखणीपर्यंत सर्व कामें तो पाही. आतां बैल कमी झाले, सालदार मिळणें कठीण झालें, आणि दहा-पंधरा एकरांच्या शेतास पूर्ण वेळ माणूस ठेवणें परवडतही नाहीं. म्हणून कामाचे तुकडे पडले. बागेवर देखरेख करणारा आठवड्यांतून दोन दिवस येतो, फवारणीस एक टोळी येते, सल काढण्यास दुसरी, ट्रॅक्टर भाड्याचा, मोटारपंप दुरुस्त करणारा बोलावल्यावर येणारा, हिशेब लिहिणारा महिन्यांतून एकदां बसणारा. या सर्वांशीं आपला संबंध नोकरीचा नसून कराराचा असतो. मजुरी किती द्यावी यावर आपण पारावर पुष्कळ बोलतों. ती कोणत्या रीतीनें द्यावी याचा विचार मात्र सहसा होत नाहीं, आणि आमच्या मतें नुकसान बहुधा येथेंच होतें.

रीती पाहूं गेल्यास थोड्याच आहेत. दिवसाचा रोज, नगावर, वजनावर किंवा मापावर दर, सगळ्या कामाचा एकठोक हुंडा, ज्याला कोणी गुत्ता किंवा उक्तें म्हणतात, महिन्याची बांधलेली रक्कम, आणि उत्पन्नांत वांटा. प्रत्येक रीतींत कोणती तरी जोखीम कोणाच्या तरी डोक्यावर जाते. रोजानें काम दिलें तर काम रेंगाळण्याची जोखीम मालकाची. हुंड्यानें दिलें तर काम अंदाजापेक्षां मोठें निघण्याची जोखीम करणाराची, आणि तें कसेंबसें उरकलें जाण्याची मालकाची. तेव्हां रीत निवडतांना पहिला प्रश्न असा विचारावा कीं, या कामांत जें बिघडण्यासारखें आहे तें कोणाच्या हातांत आहे. जें ज्याच्या हातांत, त्याची जोखीम त्याच्यावर टाकणें न्याय्य. पाऊस, गारपीट, बाजारभाव यांसारख्या कोणाच्याच हातांत नसलेल्या गोष्टींची जोखीम ज्याला सोसवेल त्यानें घ्यावी. आणि तसा बहुतेक वेळां जमिनीचा धनीच असतो. दुसरा प्रश्न असा कीं, ज्याचें माप घेऊन आपण पैसे देणार, त्याखेरीज या कामांत आणखी काय महत्त्वाचें आहे. कारण जें मापांत येत नाहीं, तेंच हयगयींत जातें.

कापसाची वेचणी हें वजनावर दिल्या जाणाऱ्या कामाचें आपल्याकडील सर्वांत परिचित उदाहरण. किलोमागें दर ठरतो, संध्याकाळीं काटा लागतो आणि हिशेब चुकता होतो. वेचणाऱ्या बहुतेक बायाच असतात. कोणीं किती वेचला हें निर्विवाद समजतें, आणि मालकास दिवसभर धुऱ्यावर उभें राहावें लागत नाहीं. परंतु काटा फक्त वजन सांगतो. दंवानें भिजलेला कापूस जड भरतो. वाळलेली पत्ती, कवडी, अर्धवट उमललेल्या बोंडांतील कापूस हींही वजनांत धरलीं जातात. पुढें बाजारांत प्रत उतरते आणि वेचाईंत वांचविलेले पैसे भावांत जातात. याला उपाय दर कमी करणें हा नव्हे. दंव सुकल्यावर वेचणीस आरंभ करावा, कवडी वेगळी ठेवावी, आणि स्वच्छ कापसास किलोमागें कांहीं जादा द्यावें. एवढें आधीं बोलून ठेवलें म्हणजे काट्याच्या मापांत प्रतीचेंही माप मिसळतें.

याच कामांत आणखी एक अन्याय नकळत होतो. भर वेचणीचा दर शेवटच्या वेचणीस लावला जातो. समजा, बोंडें भरपूर फुटलीं असतां एक बाई दिवसाला ४० किलो वेचते आणि दर किलोला १० रुपये आहे. तिला ४०० रुपये पडले. शेवटीं पऱ्हाटीवर विरळ कापूस उरला असतां तेवढ्याच श्रमांत २० किलो हातीं आला, तर त्याच दरानें २०० रुपये पडतात. ती दुसऱ्या दिवशीं येत नाहीं, आणि आपण म्हणतों कीं मजूर मिळत नाहींत. बोंडें विरळ झालीं हा तिचा दोष नव्हे. तेथें दर वाढवावा किंवा सरळ रोजावर यावें, आणि वेचणी परवडत नसेल तर ती सोडावी.

विहिरीचें खोदकाम हुंड्यानें देणारे लोक तर जमिनीखालचें न पाहतां सौदा करतात. नागपूर शहर दोन प्रकारच्या खडकांच्या शिवेवर वसलें आहे. पश्चिमेस काटोल-कळमेश्वरकडे दख्खनचा काळा पाषाण लागतो. पूर्वेस त्याहून पुष्कळ जुने स्फटिकमय खडक आहेत. चार हात मातीखालीं मुरूम लागेल कीं अखंड पाषाण, हें खोदणारास ठाऊक नसतें आणि मालकासही नसतें. एकठोक हुंडा केला आणि पाषाण लवकर लागला, तर ठेकेदार अर्धी विहीर टाकून जातो. मुरूमच लागत गेला, तर मालकास आपण फसलों असें वाटतें. म्हणून खोलीच्या मापावर, आणि माती, मुरूम व खडक यांचे तीन निराळे दर ठरवून काम द्यावें. माप दोघांसमक्ष घ्यावें व त्याच दिवशीं वहींत लिहावें.

हाच विचार मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेंत झालेला आहे. ही योजना १९७२ मध्यें सुरू झाली, तिचा कायदा १९७७ मध्यें झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. तींत मजुरी कामाच्या मापावर असे. परंतु साधारण प्रकृतीच्या माणसानें सात तास नेटानें काम केलें असतां त्याला किमान वेतन पडावें, अशा हिशेबानें निरनिराळ्या जमिनींचे निरनिराळे दर बांधलेले होते. योजनेंतील एक अडचण आपणांस उपयोगी धडा देते. माप घेणारा उशिरां आला कीं मजुरीही उशिरां मिळे. पुढें २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानें मजुरी पंधरा दिवसांच्या आंत दिली पाहिजे असें बंधन घातलें. खाजगी शेतावरही मापावर काम देणारानें माप घेण्याचा दिवस आधींच ठरवून द्यावा. मालक शहरांत आणि माप शेतांत, अशी स्थिति असेल तर हें विशेष अगत्याचें.

आतां मापावर कधींच देऊं नये अशा एका कामाविषयीं. फवारणी पंपामागें दर ठरवून देण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. जितके पंप अधिक तितके पैसे अधिक; मग दुपारच्या उन्हांत, वाऱ्याच्या उलट दिशेस, तोंडाला फडकें न बांधतां पंप रिकामे होतात. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें सुमारें वीस शेतकरी व मजूर दगावले आणि शेंकडों लोक रुग्णालयांत गेले. त्याचीं कारणें अनेक होतीं. उंच वाढलेली पऱ्हाटी, औषधांचीं मिश्रणें, संरक्षक साधनांचा अभाव, तासन् तास विषाचा संपर्क हीं सर्व त्यांत आलीं. पण ज्या कामांत घाई केल्यानें करणाराचा जीव धोक्यांत येतो, त्या कामांत घाईला बक्षीस लावणारी रीत धन्यानें ठेवूं नये, एवढें कोणीही मान्य करील. अ‍ॅडम स्मिथनें १७७६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत लिहून ठेवलें आहे कीं, नगावर भरपूर मजुरी मिळणारे कामगार अति श्रम करून थोड्याच वर्षांत आपली प्रकृति बिघडवून घेतात. त्याच्यापुढें लंडनचे सुतार होते; आपल्या पुढें पाठीवर पंप घेतलेला माणूस आहे. फवारणीस रोज द्यावा, तोही निंदणाच्या रोजापेक्षां अधिक द्यावा, सकाळचे ठराविक तासच काम घ्यावें, आणि हातमोजे, तोंडावरचें आच्छादन व चष्मा मालकानें पुरवावा.

बोलावल्यावर येणाऱ्या कारागिराची गोष्ट याहून वेगळी. मोटारपंप वर्षांतून चार वेळां बिघडतो, पण बिघडतो तो ऐन पाळीच्या दिवशीं. अशा माणसाला फक्त कामापुरते पैसे दिले, तर तो ज्याचें काम मोठें त्याच्याकडे आधीं जातो. येथें आपल्या जुन्या गांवगाड्याची आठवण होते. सुतार, लोहार यांना प्रत्येक कामाचे पैसे मिळत नसत. खळ्यावर धान्याच्या रूपानें बलुतें मिळे, आणि त्याबद्दल वर्षभर नांगर, वखर, पाभर दुरुस्त करून देणें त्यांचें कर्तव्य असे. आजच्या भाषेंत हा अर्धवेळ कामाचा वार्षिक ठरावच होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत या पद्धतीचा व तिच्यांतील कुरबुरींचा सविस्तर विचार केला आहे. तिचा गुण असा कीं, पेरणीच्या तोंडावर कारागीर हाकेच्या अंतरावर असे. दोष असा कीं, किती कामाबद्दल किती बलुतें याचें माप नसल्यामुळें वजनदार कुळांचें काम आधीं होई, गरिबांचें मागें पडे, आणि कारागिरालाही आपले श्रम फुकट गेल्यासारखें वाटे. जातीच्या बंधनानें तो बांधलेला होता, ही गोष्ट तर निराळीच. ती परत येऊं नये. पण गुण घेण्यास हरकत नाहीं. पंपवाल्यास दरमहा लहानशी रक्कम केवळ हाकेला येण्याबद्दल बांधून द्यावी, आणि प्रत्यक्ष दुरुस्तीचे पैसे फेरीप्रमाणें वेगळे द्यावे. निरोप दिल्यापासून किती तासांत यावयाचें हें त्यांत लिहावें. हिशेब लिहिणाराचें काम सर्वांत सोपें. तें दरमहा सारखें असल्यामुळें बांधलेली रक्कम पुरे.

खरी कसोटी बागेच्या कारभाऱ्याची. संत्र्याच्या बागेस आठवड्यांतून दोन दिवस येऊन पाहणारा, मजूर लावणारा, पाळी सांगणारा असा जाणता माणूस गांवांत मिळाला, तर धरमपेठेंतील मालकाची अर्धी चिंता दूर होते. काटोल येथून सुमारें ६० किलोमीटर. रोज जाणें होत नाहीं. या माणसास पैसे कशाचे द्यावयाचे ? रोगाचें निदान करण्याचे म्हणाल, तर धरमपेठेच्या शेजारींच महाराजबागेजवळ १९०६ पासूनचें कृषि महाविद्यालय आहे आणि अमरावती रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. फांदी, पान नेऊन तेथें विचारतां येतें. (आपल्यापैकीं किती जण जातात, तें ज्याचें त्यानें आठवावें.) कारभाऱ्यास पैसे द्यावयाचे ते वेळेवर पाहण्याचे. बुंध्याला डिंक्या दिसतांच खरवडून बोर्डो मलम लावणें, ताण केव्हां तोडावा तें ओळखणें, सल राहूं न देणें, यांतील एकही गोष्ट नगावर मोजतां येत नाहीं आणि एकीचाही उशीर चालत नाहीं.

बरेच जण पूर्ण वेळच्या पगाराला दिवसांनीं भागून त्याचा रोज काढतात. हा हिशेब चुकीचा कसा तें पाहा. समजा, अशा माणसाचा पूर्ण वेळचा पगार १८,००० रुपये आणि कामाचे दिवस २६. भागाकार सुमारें ६९२ रुपये. आपणांस तो महिन्याला ८ दिवस हवा, म्हणून ५,५३६ रुपये ठरविले. पण उरलेले १८ दिवस त्याला काम मिळेलच असें नाहीं. चार दिवस रिकामे जाणार असें धरलें, तर त्याचें महिन्याचें पोट २२ दिवसांवर भरलें पाहिजे, म्हणजे रोज सुमारें ८१८ रुपये, आणि ८ दिवसांचे ६,५४४. शिवाय स्वतःच्या दुचाकीचें पेट्रोल, भ्रमणध्वनीचा खर्च, आजारपणाचे दिवस हीं पूर्ण वेळच्या नोकरास मालक देतो. अर्धवेळवाल्यास तीं आपल्या खिशांतून भरावीं लागतात. अर्धवेळ माणूस दिवसाच्या हिशेबानें पूर्ण वेळच्यापेक्षां महाग पडलाच पाहिजे. तो स्वस्त पडत असेल, तर त्याचे आठ दिवस दुसऱ्या कोणाच्या बागेंत जात आहेत असें समजावें.

रक्कम ठरल्यावर ती दोन भागांत द्यावी. ५ दिवसांइतकी बांधलेली, ती फेरी झाली न झाली तरी चालू. बाकीची प्रत्येक फेरीमागें. मोहराच्या आणि काढणीच्या महिन्यांत फेऱ्या वाढतात, ताणाच्या दिवसांत कमी होतात. या रीतीनें दोघांसही ओढाताण होत नाहीं. आरंभीं एक बहार केवळ रोजावर काम करून पाहावें आणि काम किती पडतें हें कळल्यावर बांधणी करावी, हें अधिक सुरक्षित.

फळांत वांटा द्यावा काय, हा प्रश्न नेहमीं निघतो. विक्रीच्या रकमेंत शेंकडा अमुक, असें ठरविण्यास आम्ही अनुकूल नाहीं. बाग झाडावरच व्यापाऱ्यास द्यावयाची कीं तोडून बाजारांत न्यावयाची, आज विकावयाची कीं थांबावयाचें, हा निर्णय मालकाचा. भाव पडला तर त्याचा तोटा कारभाऱ्यानें कां सोसावा? गारपिटीनें बहार गेला, तर त्याचे वर्षभराचे कष्टही गेले. आणखी एक बारीक गोष्ट आहे. ज्याचा वांटा एकाच बहारापुरता, तो झाडावर सोसवेल त्याहून अधिक फळ ठेवतो. सल काढण्याचा खर्च त्याला आपला वाटत नाहीं. आणि झाडाचा थकवा पुढच्या वर्षीं मालकाच्या पदरीं पडतो. बक्षीस द्यावयाचेंच, तर तें त्याच्या हातांतल्या गोष्टींवर द्यावें. हंगामाच्या शेवटीं डिंक्यानें गेलेलीं झाडें किती, सल निघाली कीं नाहीं, हें दोघांनीं मिळून बागेंत फिरून पाहावें व तेथेंच ठरलेली रक्कम द्यावी.

नव्या लागवडीस हीच रीत उत्तम लागू पडते. सहा मीटर अंतरानें लावलें असतां एकरीं सुमारें ११० कलमें बसतात. खड्डा, लागवड व आधार यांचा हुंडा कलमामागें ६० रुपये ठरला असें धरा. सगळे पैसे लावतांनाच दिले, तर मुळाशीं माती दाबली कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. ३५ रुपये लावतांना आणि २५ रुपये पुढील मृगापर्यंत जगलेल्या प्रत्येक कलमामागें द्यावे. मात्र पाणी देणें मालकाकडे असेल आणि उन्हाळ्यांत पंप बंद पडून कलमें वाळलीं, तर तीं जगलेलीं धरूनच पैसे दिले पाहिजेत. तसें न केल्यास पुढच्या वर्षीं गांवांत आपलें काम कोणी घेणार नाहीं.

उचलीविषयीं थोडें. काम सुरू होण्याआधीं कांहीं रक्कम देणें रास्त आहे. टोळीला शिधा लागतो, गाडीभाडें लागतें. पण उचल हा मोबदल्याचा भाग असावा, माणूस बांधण्याचा दोर नसावा. ऊसतोडणींत टनावर दर, मुकादमामार्फत हंगामापूर्वीं दिलेली मोठी उचल, आणि नवराबायकोचा मिळून एक कोयता, या तिन्हींच्या संयोगानें कित्येक कुटुंबें एका हंगामाचें देणें दुसऱ्या हंगामांत फेडीत राहतात. उचलीच्या बदल्यांत माणसास काम करण्यास भाग पाडणें १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें गुन्हा आहे. उचल पहिल्या पंधरवड्याच्या मजुरीहून अधिक देऊं नये आणि मुकादमाच्या हातीं न देतां करणाराच्या हातीं किंवा खात्यांत द्यावी, हें आमचें मत.

कायद्याचें दुसरें बंधन असें कीं, करार कोणताही असला तरी तो किमान वेतनाच्या खालीं जाऊं शकत नाहीं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यांत शेतीकाम होतेंच, आणि नगावर काम असून केवळ वेळेचा किमान दर ठरलेला असेल तर त्याहून कमी देतां येणार नाहीं असा स्पष्ट नियम होता. २०१९ च्या वेतन संहितेनेंही तो पुढें ठेवला आहे. स्त्री आणि पुरुष यांना सारख्या कामास निराळा दर ठेवणेंही त्याच संहितेनें मना आहे. म्हणून हुंडा ठरवितांना माणसें व दिवस यांचा अंदाज कागदावर मांडून माणशीं रोज किती पडतो हें एकदां पाहून घ्यावें. त्यांत मालकाचेंही हित आहे. ज्या हुंड्यांत रोज निघत नाहीं, तो पुरा होत नाहीं.

तोंडी करारही १८७२ च्या करार कायद्यानें करारच ठरतो, पण सिद्ध करणें अवघड. मोठा दस्तऐवज नको; वहीचें एक पान पुरे. त्यांत असा मजकूर असावा :

“मौजे ......... येथील संत्र्याच्या बागेची (झाडें ....) देखरेख आजपासून अंबिया बहाराची काढणी होऊन सल निघेपर्यंत करावयाची. दरमहा ठराविक रु. .... व प्रत्येक फेरीमागें रु. ..... फेरीची नोंद दोघांच्या वहींत. मजूर, औषधें व खतें यांचा खर्च मालकाचा. मालकाच्या संमतीवांचून रु. .... हून अधिक खर्च करूं नये. रक्कम प्रत्येक महिन्याच्या .... तारखेस. काम सोडणें अगर सोडविणें झाल्यास एक महिना आधीं सांगावें व तोंपर्यंतचा हिशेब आठ दिवसांत पुरा करावा.”

दोघांच्या सह्या आणि दोघांकडे एकेक प्रत असावी. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला वाचून दाखवावें, तेंही त्याच्या घरच्या कोणा वाचणाऱ्यासमक्ष.

मुदतीसंबंधीं एक सूचना उरते. सालदाराचें वर्ष पाडव्यापासून धरण्याची संवय असल्यामुळें पुष्कळ लोक बागेचा करारही पाडव्यालाच संपवितात. अंबिया बहाराची फुलें जानेवारी-फेब्रुवारींत येतात आणि फळ वर्षाच्या अखेरीस उतरतें. म्हणजे पाडव्याला झाडावर नुकतें धरलेलें फळ असतें. त्या वेळीं माणूस बदलला, तर जुना माणूस ताण देण्यांत काय चुकलें तें सांगत नाहीं आणि नवा तें ओळखीत नाहीं. मुदत फळ उतरून सल निघाल्यावर, डिसेंबरांत संपवावी. मृग बहार धरणारानें ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या काढणीनंतर ठेवावी.